थंडीत पाळलेला साप खात नाही, तेव्हा...

हिवाळा म्हणजे भूक वाढण्याचे दिवस. बाजरीची भाकरी, डिंकाचे लाडू याच दिवसांत अंगी लागतात. त्यामुळे हौसेने पाळलेल्या सापाने डिसेंबरात खाणे सोडले की घरची मंडळी धास्तावतात. ‘डॉक्टर, मुलाचा अजगर महिनाभर उपाशी आहे, एखादे टॉनिक द्या,’ अशी विचारणा हल्ली आमच्याकडेही होते. सापाचा इलाज पशुवैद्यानेच करायचा. पण त्याची भूक का जाते, हे शरीरशास्त्राच्या साध्या नियमांवरून समजते.

आपले शरीर थंडी असो वा ऊन, सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान टिकवते. ही शेगडी रात्रंदिवस पेटती ठेवण्यासाठी आपल्याला रोज जेवावे लागते. सापाच्या शरीरात अशी शेगडी नसते. तो बाहेरच्या उष्णतेवर जगतो, म्हणून त्याला अन्न फार कमी लागते. मात्र त्याचे पाचकरसही ऊब असेल तरच नीट काम करतात. थंडीत गिळलेला उंदीर पचत नाही, पोटातच सडू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. तेव्हा गारठ्यात न खाणे हा पुष्कळदा आजार नसून शरीराने केलेला बचाव असतो.

बर्मीज अजगरावरील संशोधन याबाबत उद्बोधक आहे. उपवासाच्या काळात त्याचे आतडे आक्रसते व भक्ष्य गिळल्यावर पुन्हा वाढते. मोठ्या जेवणानंतर दोन-तीन दिवसांत त्याचे हृदयही सुमारे ४० टक्क्यांनी मोठे होते, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. उपवास आणि भरपेट जेवण या दोन्हींसाठी अजगराची शरीररचनाच तशी आहे.

घरात बहुधा पाळला जातो तो बॉल पायथन. हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला, उबदार प्रदेशातला साप. आपल्या निफाडकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा बंद खोलीतला गारठाही त्याला सोसत नाही. शिवाय प्रजननाच्या काळात, म्हणजे बहुधा हिवाळ्यातच, ऊब पुरेशी असूनही नर खाणे सोडतात. पोटात अंडी असलेली मादीही खात नाही. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही भूक मंदावते. धडधाकट प्रौढ बॉल पायथन काही महिने उपाशी राहू शकतो. लहान पिलाला मात्र तेवढा उपवास झेपत नाही.

अशा वेळी काय करावे?

१. पेटीतले तापमान अंदाजाने नव्हे, थर्मामीटरने पाहावे. एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश असावी. हीटरला थर्मोस्टॅट हवाच. नाहीतर साप भाजतो.

२. स्वच्छ पाणी सतत ठेवावे. दूध पाजू नये. ते सापाचे अन्न नाही. माणसांची टॉनिके देऊ नयेत.

३. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावे.

४. जबरदस्तीने भरवू नये. जिवंत उंदीर पेटीत सोडून जाऊ नये. सुस्त सापाला उंदीरच कुरतडतो.

वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले, तोंडातून फेस वा चिकट स्राव आला, श्वासाला घरघर लागली, तोंडाच्या आत सूज किंवा पू दिसला किंवा अंगावर गोचिडीसारखे किडे आढळले, तर तो उपवास नव्हे, आजार समजावा. पशुवैद्याला विलंब न करता दाखवावे.

आता माणसांविषयी. साप निरोगी दिसला तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब व ताप येतो. लहान मुले आणि वृद्ध यांना त्रास अधिक होतो. पाच वर्षांखालील मुलांनी सापाला हात लावू नये. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडचे साप पकडून पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथनसारख्या परदेशी जातींचीही नोंदणी सक्तीची आहे. ‘थंडीत साप उपाशी, म्हणून विष नाही’ असे मात्र कोणीही समजू नये. हिवाळ्यात उन्हाला आलेला सुस्त घोणस किंवा नाग चावला, तर विष तेवढेच घातक असते. दंश झालेला भाग हलवू नये, चिरू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. रुग्णाला तडक सरकारी रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरची लस तिथे मिळते आणि प्राण वाचवते ती तीच.