तीव्र कुपोषित बालकाचा आहार : तोंडाने, नळीने की शिरेतून?

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत अंगणवाडी सेविका बालकांच्या दंडाचा घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा हा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते. भूक शाबूत असल्यास उपचार गावातच होऊ शकतात. मात्र जुलाब, न्यूमोनिया वा अंगावर सूज असल्यास, किंवा बालक खातच नसल्यास, त्यास नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रासारख्या ठिकाणी दाखल करणे आवश्यक ठरते.

अशा बालकास पोटभर खाऊ घालावे, निदान ‘सलाईन’ तरी लावावे, असे नातलगांस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हे दोन्ही उपाय जिवावर बेतू शकतात. दीर्घ उपासमारीने हृदय, यकृत व मूत्रपिंडे मंदावलेली असतात. एकाएकी भरपूर अन्न मिळाल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम पेशींत ओढले जाऊन हृदयाचे कार्य बिघडते. सलाईनमध्ये तर अन्न जवळजवळ नसतेच. शिवाय त्याचा भार दुर्बल हृदयास पेलत नाही. म्हणून रक्ताभिसरण कोलमडले असेल तरच ते, नाडी व श्वासावर लक्ष ठेवून, मोजून दिले जाते.

पहिली पसंती तोंडाने देण्यासच असते. आरंभीच्या दूध, साखर व तेलाच्या पातळ मिश्रणात दर १०० मिलिलिटरमागे ७५ कॅलरी व जेमतेम एक ग्रॅम प्रथिने असतात. अंगावर फार सूज नसल्यास, सहा किलो वजनाच्या बालकास दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, केवळ ६५ मिलिलिटर मिळते. एवढ्याशा दुधाने काय होणार, असा प्रश्न आईला पडतो; पण या दिवसांत वजन वाढविणे हा हेतूच नसतो.

बालक तेवढेही घेत नसल्यास नाकातून जठरापर्यंत बारीक नळी घालतात. नळी म्हणजे शेवटची घटका, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी आधी तोंडाने पाजून उरलेलेच नळीने देतात, आणि भूक परतताच नळी निघते. त्यानंतर १०० कॅलरींचे, सुमारे तिप्पट प्रथिनांचे मिश्रण सुरू होते व वजन चढू लागते.

खरी अडचण पुढेच येते. मूल हसू-खेळू लागले की भाताच्या आवणीसाठी किंवा द्राक्षबागेतील कामासाठी आईला परतण्याची घाई होते. यासाठीच केंद्रातील मुक्कामात आईला जेवण व बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. ही रक्कम वेळेवर हाती पडणे हे दुधाच्या मापाइतकेच महत्त्वाचे आहे.