जुन्या घराचे संग्रहालय : परतायचे कोणत्या काळात?

‘डागडुजी’ आणि ‘जीर्णोद्धार’ या शब्दांतील अंतर ध्यानात घ्या. डागडुजीत आहे ते टिकवायचे असते. जीर्णोद्धारात नव्याने उभारणे गृहीत असते. एखादी इतिहासप्रेमी संस्था जुने घर संग्रहालयासाठी दुरुस्त करू लागते, तेव्हा तिला आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो : घराला कोणत्या काळात परत न्यायचे?

अमेरिकेतील बॉस्टन शहरात 1680 च्या सुमारास बांधलेले एक लाकडी घर आहे. रुप्याचे कारागीर पॉल रिव्हिअर 1770 ते 1800 या काळात त्याचे मालक होते. 1775 मध्ये ब्रिटिश फौजेच्या हालचालीची खबर देण्यासाठी ते रातोरात घोड्यावरून गेले आणि पुढे राष्ट्रपुरुष ठरले. घराची मात्र रया गेली. वर स्थलांतरित भाडेकरू, खाली दुकाने, असे ते वापरात राहिले. 1902 मध्ये रिव्हिअर यांच्या पणतूने ते पाडले जाऊ नये म्हणून विकत घेतले. 1907 मध्ये स्मारक संस्था स्थापन झाली आणि 1908 मध्ये संग्रहालय खुले झाले.

आता गंमत पाहा. वास्तुविशारद जोसेफ चँडलर यांनी घराला सतराव्या शतकातील रूप दिले. त्यासाठी अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाढवलेला तिसरा मजला उतरवला. म्हणजे रिव्हिअर राहत होते ते तीन मजली घर आज दिसतच नाही. त्यांच्या नावाचे संग्रहालय त्यांच्या आधीच्या काळाचे दर्शन घडवते! भाडेकरूंच्या वावराच्या खुणाही गेल्या; माझ्या मते ही हानी अधिक मोठी, कारण त्या माणसांची स्मारके अन्यत्र कोणी उभारत नाही.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा पेच ओळखीचा वाटेल. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. राजवाड्यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली. दोन्ही पाठ आज आपल्यासमोर आहेत. संपादकाला नाकारलेला पाठ तळटीपेत देता येतो. उतरवलेल्या मजल्याला तळटीप नसते. म्हणून तुळई काढण्यापूर्वी मोजमापे, छायाचित्रे आणि निर्णयाची कारणे नोंदवणे, हे घराच्या पुनर्रचनेतील संपादनकार्यच होय.

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील एखादा जुना वाडा पाहा. ओसरी, माजघर, परसू यांतील मूळचे काय आणि नंतरची भर कोणती, हे तेथील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. काय काढू नये, तेही सकारण नोंदवा.