रात्रीचा कॅमेरा, भाग ६ : तलावपाळीवर सोळा सेकंद

ट्रायपॉड घेऊन झाला, आता तो घेऊन बाहेर पडायचं. ठाण्यात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही. स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटांवर मासुंदा तलाव आहे. रात्रीचं छायाचित्रण शिकायला तलावपाळीइतकी चांगली शाळा मला दुसरी माहीत नाही. पाणी, रस्ता, दिवे, कोपिनेश्वराचं देऊळ आणि चालती माणसं, सगळं एका जागी उभं राहून टिपता येतं.

वेळ मात्र पाळा. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं. तो निळा रंग आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड थोडा वेळ तोलामोलाचे असतात. उत्तर युरोपात उन्हाळ्यात हा संधिप्रकाश तासन् तास रेंगाळतो, पण आपल्या अक्षांशावर तो भराभर उतरतो. हातात जेमतेम पंधरा मिनिटं असतात. त्यानंतर आकाश नुसतं काळं येतं आणि फोटोतला अर्धा जीव जातो. म्हणून सूर्य मावळण्याआधीच जागा पकडून, चौकट ठरवून उभं राहायचं.

आता मूळ मुद्दा. डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही, कॅमेऱ्याचा सेन्सर ठेवू शकतो. नळाची धार बारीक असली तरी घागर भरते, फक्त वेळ द्यावा लागतो. अंधारात हा वेळ वाचवण्यासाठी बहुतेक जण आयएसओ वाढवतात. पण आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एक थेंबही जास्त प्रकाश पडत नाही. जो पडला आहे त्याचा संकेत मोठा होतो आणि त्याच्याबरोबर खरखरही मोठी दिसते. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर आयएसओ १०० वर आणा आणि वेळ वाढवा. माझा हा आग्रह आहे.

पण वेळ किती? अंदाजाने अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे फोटो काढत बसलात तर ती पंधरा मिनिटं अशीच संपतील. त्यावर एक सोपी रीत आहे. ॲपर्चर एफ ११ ठेवा, आयएसओ तात्पुरता ३२०० करा आणि चाचणीचे फोटो घ्या. समजा अर्ध्या सेकंदात उजेड बरोबर आला. आता बोटांवर मोजा : ३२०० चे १६००, ८००, ४००, २००, १००. पाच वेळा निम्मं केलं. तर वेळ पाच वेळा दुप्पट करायचा : एक, दोन, चार, आठ, सोळा. आयएसओ १०० वर सोळा सेकंद. खरखरीत चाचणी अर्ध्या सेकंदात झाली आणि खरा फोटो पहिल्याच प्रयत्नात हाती आला.

फोकसचं एक सांगून ठेवतो. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. पडद्यावरचं चित्र मोठं करून पलीकडच्या काठावरच्या एखाद्या दिव्यावर फोकस करा, मग तो मॅन्युअलवर टाका आणि पुन्हा रिंगला हात लावू नका. शटरही बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. कंपन रोखण्याची सोय बंद ठेवा, कारण स्थिर कॅमेऱ्यात काही वेळा तीच चित्र हलवते.

सोळा सेकंदांत चौकटीतून पन्नास वाहनं गेली तर फोटोत एकही गाडी दिसत नाही, फक्त पांढऱ्या आणि लाल रेषा उरतात. इथे नवशिक्यांची हमखास चूक होते. रेषा फिकट आल्या की ते वेळ वाढवतात. त्याने रेषा उजळ होत नाहीत. गाडीचा दिवा सेन्सरच्या एखाद्या बिंदूवरून क्षणात पुढे सरकतो. शटर पाच सेकंद उघडं असो की तीस, त्या बिंदूला दिव्याचा तेवढाच क्षण मिळतो. रेषेचा उजळपणा ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात, वेळ फक्त तिची लांबी ठरवतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी रिक्षा सोळा सेकंदांत पावणेदोनशे मीटरच्या आसपास अंतर कापते. देऊळ, झाडं, इमारती यांना मात्र प्रत्येक सेकंदाचा उजेड मिळत राहतो. म्हणजे ॲपर्चरने रेषा सांभाळायच्या आणि वेळाने इमारती. ही गोष्ट मला समजली तेव्हापासून माझे रात्रीचे फोटो बदलले.

माणसांचंही तसंच. डोंबिवलीच्या फडके रोडवर संध्याकाळच्या गर्दीत, रस्त्याच्या कडेला, कोणाच्या वाटेत न येता ट्रायपॉड लावून पाहा. एफ १६, लेन्सवर तीन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश तीनदा निम्मा करणारा एनडी फिल्टर आणि पंधरा सेकंद. स्टेशनकडून घरी निघालेली शेकडो माणसं धुक्यासारखी विरून जातात. टोपली घेऊन बसलेली फुलवाली मात्र राहते. माझ्या एका फोटोत तिचा चेहरा, खांदे, मांडीवरचा ओला फडका स्पष्ट आहे. हातांच्या जागी मात्र नुसता धूसर पट्टा आहे, कारण त्या पंधरा सेकंदांत ती गजरा ओवत होती.

१८३८ मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यू टेंपल या वाहत्या रस्त्याचं छायाचित्र आद्य छायाचित्रकार दागेरने घेतलं, तेव्हाही हेच घडलं होतं. त्याला काही मिनिटांचा वेळ द्यावा लागला. घोडागाड्या आणि पादचारी नाहीसे झाले. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस तेवढा उमटला. छायाचित्रात दिसलेल्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते.

एक फसलेली संध्याकाळही सांगतो. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ मध्ये खुला झाला. त्यानंतर पुलावरून खालच्या रेल्वेगाड्यांच्या रेषा टिपायला मी गेलो. तासाभरात वीस फोटो काढले. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर दूरचा प्रत्येक दिवा गांडुळासारखा वाकडा आला होता. वरून ट्रक गेला की पूल थरथरतो, त्याबरोबर ट्रायपॉड थरथरतो. पायाला ते जाणवतं, पण मी लक्ष दिलं नव्हतं. आता पुलावर उभा राहिलो तर अवजड वाहनांमधली फट बघून चार-पाच सेकंदांचेच फोटो घेतो. रेल्वेच्या हद्दीत ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी विचारा.

आपल्या हवेसाठी दोन गोष्टी. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट खाडीकाठच्या दमट हवेत काढलात तर लेन्सवर वाफ धरते. तो अर्धा तास बॅगेतच राहू द्या. दुसरं, उकाड्यात सेन्सर तापतो आणि लांब वेळाच्या फोटोत लाल-निळे ठिपके येतात. त्यासाठी कॅमेऱ्यात नॉइज रिडक्शनची सोय असते. ती शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा, काळा फोटो घेते आणि त्यातले ठिपके पहिल्यातून वजा करते. तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद गप्प बसला तर तो बिघडलेला नाही. घाबरून बॅटरी काढू नका.

या आठवड्याचा अभ्यास : तलावपाळीवर एकाच जागेवरून, एफ ११ तसंच ठेवून तीन फोटो काढा. आयएसओ ३२०० वर अर्धा सेकंद, ४०० वर चार आणि १०० वर सोळा. तिन्हींचा उजेड सारखा येईल. मग ते शेजारी-शेजारी ठेवून फक्त पाणी पाहा. पुढच्या शनिवारी आपण तिथूनच सुरुवात करू.