आजी जिन्यात का थांबते?

बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आजी घरी येते. तुम्ही दोन-दोन पायऱ्या एकदम चढून केव्हाच वर पोहोचता. आजी मात्र मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबते. ‘‘पायांत जोर राहिला नाही रे, वय झालं,’’ असे म्हणते. तुम्ही धावत खाली येता, पिशवी हातातून घेता आणि म्हणता, ‘‘आजी, उद्यापासून तू बसून राहा. भाजी मी आणीन.’’

तुमची माया खरी. पण तुमचा सल्ला बरोबर आहे का? चला, तपासून पाहू.

आधी आपण दमू या

एक हात समोर ताठ धरा. जमेल तितक्या वेगाने मूठ पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटा. मित्राला घड्याळ घेऊन दर पंधरा सेकंदांचा आकडा लिहायला सांगा. एका मिनिटात चार आकडे मिळतील. शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा बहुधा लहान असेल.

इटलीतील तुरिन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांनी यासाठी एक यंत्रच बनवले होते. बोटाला दोरी, दोरीला वजन. बोटाने वजन ओढले की किती ओढले त्याची रेघ कागदावर उमटे. बोट दमू लागले की रेघा आखूड होत जात. थकव्यावरचे मोसो यांचे पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झाले.

रेघा आखूड का होतात? स्नायू आकसण्यासाठी एटीपी नावाच्या रेणूतील ऊर्जा खर्च होते. काम जोराचे असले की स्नायूत फॉस्फेट साठू लागते, आणि स्नायूला ‘आकस’ असा इशारा देणारे कॅल्शियमही पुरेसे सुटत नाही. पूर्वी सगळा दोष लॅक्टिक आम्लाला दिला जाई. आता त्याला मुख्य गुन्हेगार मानत नाहीत. विश्रांती घेतली की रक्तातून आलेल्या प्राणवायूच्या मदतीने पेशीतील तंतुकणिका ही घडी पुन्हा बसवतात.

म्हातारपणी काय बदलते?

स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मज्जारज्जूत असतात. वाढत्या वयाबरोबर त्यांतील काही मरतात. त्यांच्या ताब्यातले स्नायुतंतू पोरके होतात. काहींना शेजारची चेतापेशी दत्तक घेते, उरलेले नाहीसे होतात. त्यातही चपळ, जोरकस तंतूंची हानी अधिक होते. म्हणून ताकद आणि वेग दोन्ही घटतात.

आता गंमत पाहा. ‘तुमच्या कमाल ताकदीच्या निम्म्या जोराने दाबून धरा’ असे सांगितले, तर म्हातारी माणसे पुष्कळदा तरुणांपेक्षा जास्त वेळ टिकतात! कारण त्यांच्याकडे उरलेले तंतू बरेचसे संथ पण चिवट असतात.

मग आजी जिन्यात का दमते? कारण पायरी कोणाची ताकद विचारत नाही. समजा, एक पायरी चढायला ३६ एकक जोर लागतो. तरुणाची कमाल ताकद ९० एकक असेल, तर तो ४० टक्के ताकद वापरतो. आजीची ताकद ४५ एकक उरली असेल, तर तिला ८० टक्के लावावी लागते. तुमच्यासाठी जे चढणे, ते तिच्यासाठी जवळजवळ कुस्ती! आता आजीची ताकद ६० एककांवर नेली, तर तीच पायरी ६० टक्क्यांत चढता येईल. जिना तोच; थकवा कमी.

पण म्हातारपणी ताकद वाढते का?

नव्वदीतले कसरतपटू

१९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वृद्धांच्या निवासी संस्थेतील ८६ ते ९६ वर्षांची दहा अशक्त माणसे त्यासाठी तयार झाली. देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा, पायाने वजन उचलायचे. ताकद वाढेल तसे वजनही वाढवायचे. आठ आठवडे टिकलेल्या नऊ जणांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांनी काठी सोडली. स्नायूंचा आकार मात्र सुमारे ९ टक्केच वाढला होता. म्हणजे आहेत त्या तंतूंना कामाला लावण्याची कला चेतासंस्था पुन्हा शिकली. पुढे चार आठवडे व्यायाम बंद ठेवला, तेव्हा ताकद ३२ टक्क्यांनी उतरली.

बसून राहिले तर?

याचे उत्तर १९६६ साली डॅलसमध्ये मिळाले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवले. श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने केलेली घट तीन आठवड्यांच्या खाटेपेक्षा कमी निघाली! मग सहा महिने चालणे, हळू धावणे, जागची सायकल अशी मेहनत केल्यावर त्यांची क्षमता तारुण्यातल्या पातळीवर परत आली. हृदय फार जास्त रक्त फेकू लागले असे नव्हे. स्नायूच रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेऊ लागले होते.

तुम्ही काय कराल?

भक्कम, बिनचाकांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी दुमडून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येते, ते आधी स्वतः मोजा. मग आजी-आजोबांना विचारा. छातीत दुखणे, चक्कर, दम किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हे करायला लावू नका. हरकत नसेल, तर तुम्ही शेजारी उभे राहा, घाई करू नका, आणि आकडा वहीत लिहा. रोज थोडे उठणे-बसणे आणि चालणे झाल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. तुमच्या वहीतले दोन आकडे काय सांगतात, ते वर्गात शिक्षकांना दाखवा.

आणि भाजीचे काय? आजीबरोबर तुम्हीही बाजारात जा. जड पिशवी तुमच्या हातात, कोथिंबिरीची जुडी तिच्या. जिन्याच्या वळणावर ती थांबली, तर तुम्हीही थांबा. फक्त ‘तू बसून राहा’ असे म्हणू नका.