सासूपणाचें बदललेलें स्वरूप

'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. तिनें दोघींना जणूं आळीपाळीनें राज्य वांटून दिलें आहे. परंतु सासूला हें राज्य मिळालें कशामुळें, आणि आज त्याचें काय करावयाचें, याचा विचार सहसा होत नाहीं. तो आज थोडक्यांत करूं.

पूर्वीं सून घरांत येई ती बहुधा लहान पोरच असे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ सालीं झाला, तेव्हां त्यांचें वय अवघें ११ वर्षांचें होतें. अशा मुलीला चूल पेटविण्यापासून सणावारांच्या रीतीपर्यंत सर्व कांहीं सासरींच शिकावें लागे. म्हणून सासू ही केवळ नवऱ्याची आई नव्हती; ती सुनेची शिक्षिका व पालकही होती. शिक्षणाबरोबर शिक्षाही आली, आणि कित्येक घरांत शिक्षाच तेवढी उरली. न्यायमूर्ति रानडे यांनीं रमाबाईंना स्वतः लिहावयास-वाचावयास शिकविलें. परंतु घरांतील वडील बायकांचा रोष मात्र रमाबाईंनाच सोसावा लागला. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत ही हकीकत आली आहे.

सासूच्या कठोरपणाला दुसरें कारण भीतीचें होतें. विधवेला एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत अन्नवस्त्रापलीकडे फारसा हक्क नसे. १९३७ च्या कायद्यानें तिला मर्यादित हक्क मिळाला, आणि १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें वांट्याला आलेल्या मिळकतीची पूर्ण मालकी मिळाली. तोंवर मुलगा हाच काय तो आधार. तो सुनेच्या मुठींत गेला तर आपलें कसें होईल, ही धास्ती तिच्या मनांत सदैव असे.

पुढें परिस्थिति पालटली. मुलीच्या विवाहाचें किमान वय १९२९ च्या शारदा कायद्यानें १४ ठरलें. १९४९ सालीं तें १५ व १९७८ सालीं १८ झालें. आज आपल्या घरांत येणारी सून बहुधा सुशिक्षित व अनेकदां मिळवती असते. तिला पालकाची गरज नाहीं. पालकत्व संपलें, पण त्याची संवय राहिली.

आमच्याच घरची गोष्ट सांगतों. माझी पत्नी नोकरी करीत असे. संध्याकाळीं परतल्यावर ती माझ्या मातुःश्रींकडून कोठीच्या खोलीची किल्ली मागून घेई, आणि त्यांनीं मोजून दिलेल्या डाळतांदुळांचा स्वयंपाक करी. मातुःश्री दुष्ट नव्हत्या; त्यांच्या सासूनें त्यांना असेंच वागविलें होतें. मी वर्तमानपत्रांत तोंड घालून बसें, आणि त्यालाच निःपक्षपात म्हणें. आज कळतें कीं, माझें मौन दोघींनाही जाचलें. मातुःश्रींना वाटे, मुलगा परका झाला. पत्नीला वाटे, येथें आपलें कोणीच नाहीं.

आतां आमच्या घरीं सून आली आहे. पहिल्याच आठवड्यांत पत्नी तिला म्हणाली, "तुझ्या आईच्या पद्धतीची आमटी एकदां करून दाखव, मला शिकावयाची आहे." त्यानें तिचा मान उणावला नाहीं. उलट, आज सून आपण होऊन तिचा सल्ला विचारते. आज्ञा संपली म्हणून अनुभवाची किंमत संपत नाहीं. मात्र तो मागितल्यावर द्यावा. आणि मुलांना माझें एवढेंच सांगणें कीं, आई आणि पत्नी यांच्यामध्यें गप्प बसणें म्हणजे न्याय करणें नव्हे. मला तें फार उशिरां उमगलें.