मधल्या रात्रीचा मुक्काम

आपल्या खेड्यापाड्यांत ‘हॉटेल’ म्हणजे चहा-भज्यांचे दुकान. तेथे बसता येते, वर्तमानपत्र वाचता येते, राजकारणावर तावातावाने बोलता येते. पण झोपता येत नाही. झोपायचे तर तालुक्याच्या गावी ‘बोर्डिंग-लॉजिंग’ची पाटी शोधावी लागते. मोठ्या शहरात मात्र हॉटेल हा शब्द नेमका उलटा चालतो. तेथे हॉटेल म्हणजे आधी खोली, मग जेवण. त्यातही विमानतळाजवळची जी भारी हॉटेले आहेत, त्यांतील कित्येक पाहुणे तर शहर पाहायला आलेलेच नसतात. रात्री उशिरा येतात, पाच-सहा तास झोपतात आणि पुढचे विमान पकडून निघून जातात. एवढ्याशा झोपेसाठी माणसे हजारो रुपये का मोजतात? ही केवळ श्रीमंतांची हौस आहे की त्यामागे काही व्यवस्था आहे? या प्रश्नाचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

दोन विमानांच्या मधल्या थांब्याला ‘लेओव्हर’ म्हणतात. एस. टी. स्टँडवर गाडी बदलताना आपण जो थांबतो, त्याचेच हे मोठे भावंड. आंतरराष्ट्रीय प्रवासात हा थांबा सर्वसाधारणपणे चोवीस तासांच्या आत असेल तर तो प्रवासाचाच भाग धरतात; त्याहून जास्त झाला तर त्याला ‘स्टॉपओव्हर’ म्हणतात. नागपूरचा एखादा प्रवासी लंडनला निघाला, तर तो बहुधा मुंबईला किंवा दिल्लीला विमान बदलतो. नागपूरहून येणारे विमान त्याच्या वेळेला येते, लंडनचे विमान त्याच्या वेळेला सुटते. मधले तास प्रवाशाच्या वाट्याला येतात.

हे तास नेमके रात्रीचेच का येतात, यालाही कारण आहे. युरोपातील अनेक विमानतळांवर रात्री विमाने उतरवण्यावर निर्बंध असतात, कारण आसपासच्या वस्तीची झोपमोड होते. जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात नियमित उड्डाणे होत नाहीत. शिवाय प्रवाशांनाही तेथे सकाळी पोहोचणे सोयीचे असते. मुंबईहून तिकडे आठ-नऊ तास लागतात आणि तिकडचे घड्याळ आपल्या मागे चालते. हिशेब मांडला तर मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघणे भाग पडते. म्हणजे तिकडच्या लोकांची झोप सांभाळण्यासाठी इकडच्या माणसांना रात्र जागवावी लागते. या जाग्या रात्रीवर विमानतळाजवळच्या हॉटेलांचा मोठा धंदा उभा आहे.

वास्तविक ही गोष्ट विमानांपेक्षा जुनी आहे. मुंबई हे बंदर आहे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि विलायतेहून मुंबईला येणे पुष्कळच सोपे झाले. बोटीतून उतरायचे आणि आगगाडीने देशात पुढे जायचे, अशा लोकांना मध्ये डोके टेकायला जागा हवी होती. काळा घोडा भागात वॉटसन यांचे हॉटेल त्याच सुमारास उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात तयार करून बोटीने आणला होता. १८९६ च्या जानेवारीत जगप्रवासाला निघालेला अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याच हॉटेलात उतरला होता, आणि त्याच वर्षी ७ जुलैला येथेच ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. हिंदुस्थानातील सिनेमाचा पहिला खेळ नाटकगृहात नव्हे, तर प्रवाशांच्या हॉटेलात झाला, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे १९०३ च्या डिसेंबरात जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. त्याच्या समोरचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पुरे झाले. म्हणजे देशाच्या दरवाजाआधी दरवाजातल्या पाहुण्याची खोली तयार होती!

विमाने आली तेव्हा मुक्काम कमी होतील असे वाटावे. पण प्रथम झाले उलटेच. १९२९ साली इंपीरियल एअरवेज कंपनीने लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली, तेव्हा या प्रवासाला सात दिवस लागत. विमाने सहसा दिवसा उडत. रात्र झाली की प्रवासी खाली उतरून मुक्काम करीत. त्यासाठी १९३२ साली वाळवंटातल्या शारजा येथे एक गढीवजा विश्रामगृह बांधले गेले. आज तेथे संग्रहालय आहे. आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या कोकणातल्या कितीतरी माणसांनी शारजाचा विमानतळ पाहिला असेल. पण त्या गावी हवाई प्रवाशांचा पहिला मुक्काम किल्ल्याच्या भिंतीआड पडत असे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. आपल्याकडे एअर इंडियाने १९७१ साली हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही कंपनी काढली. सांताक्रूझ विमानतळाजवळ तिने बांधलेले सेंटॉर हॉटेल २००२ साली विकले गेले. विमान चालवणाऱ्याला हॉटेलही चालवावेसे वाटले, यातच या दोन धंद्यांचे नाते स्पष्ट होते.

आता आतली व्यवस्था पाहू. बहुतेक मोठ्या हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. मधल्या दोन-तीन तासांत शेकडो खोल्या झाडून, पुसून, नव्या चादरी घालून तयार करायच्या असतात. सारे हॉटेल या चक्रावर फिरते. विमानाचा प्रवासी मात्र हे चक्र मोडतो. समजा, तो दहा तारखेच्या पहाटे तीनला उतरला. हॉटेलच्या हिशेबात ती नऊ तारखेची रात्र असते. त्याने दहा तारखेची खोली घेतली असेल, तर दुपारी दोनपर्यंत दिवाणखान्यात बसण्याची पाळी येते. म्हणून अशा वेळी आदल्या दिवसाची खोली घ्यावी आणि ‘पहाटे येतो’ असे आगाऊ कळवावे; नाहीतर पाहुणा आला नाही असे समजून खोली दुसऱ्याला दिली जाण्याचा धोका असतो. काही हॉटेले दिवसा सहा-आठ तासांपुरतीही खोली देतात. तिचा दर पूर्ण रात्रीपेक्षा कमी असतो.

खर्चाचाही हिशेब करून पाहू. समजा, खोली बारा हजारांची आहे. रोजचा दर साडेसात हजारांवर गेला की अठरा टक्के जी. एस. टी. लागतो. म्हणजे झाले चौदा हजार एकशे साठ. सहा तास झोप मिळाली, तर तासाला दोन हजार तीनशे साठ रुपये! सात हजारांच्या खोलीवर मात्र सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्केच कर आहे. आणखी स्वस्त मार्गही आहेत. १९७९ साली जपानमध्ये ओसाका येथे वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी पेटीएवढ्या खोल्यांचे पहिले ‘कॅप्सूल’ हॉटेल उभारले. त्याच कल्पनेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात ४८ कप्प्यांचे हॉटेल सुरू झाले. आणि रेल्वेच्या ‘रिटायरिंग रूम’ तर आहेतच.

एक नियम मात्र प्रत्येक विमान-प्रवाशाने ध्यानात ठेवावा. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारे विमान सहा तासांहून अधिक लांबले, किंवा इतर वेळचे चोवीस तासांहून अधिक लांबले, तर हॉटेलची सोय विमान कंपनीने करावी, असा आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. धुके, वादळ, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना तो लागू नाही. पुष्कळांना हा नियम माहीतच नसतो आणि ती बिचारी बाकड्यावर रात्र काढतात.

मग एवढे पैसे देऊन माणूस विकत काय घेतो? संगमरवर, झुंबरे, कारंजी हे सारे तर त्याला पाहायलाही वेळ नसतो. माझा एक आतेभाऊ अशाच एका हॉटेलात खोल्या लावण्याच्या कामावर आहे. तो म्हणतो, “या पाहुण्यांना फक्त तीन वस्तू लागतात : अंधार, शांतता आणि गरम पाणी.” जाड दुहेरी काचा, उजेडाचा कवडसाही न येऊ देणारे पडदे आणि वेळेवर उठवणारा फोन, एवढ्यावर सारी इमारत उभी असते. त्याच्या वाट्याला दिवसाकाठी चौदा-पंधरा खोल्या येतात. चादर अशी ताणायची की तिच्यावर सुरकुती दिसू नये. पाहुण्याला त्याचा चेहरा दिसत नाही आणि त्यालाही पाहुण्याचा. पण उशीवरचा खळगा पाहून तो सांगतो की हा माणूस झोपला की नुसताच तळमळला.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच मुलगी आहे. अशा हॉटेलात मी कधी उतरलेली नाही. म्हणून सुरुवातीला मला हा सारा प्रकार केवळ उधळपट्टीचा वाटत होता. पण या हॉटेलांतील पुष्कळ खोल्या श्रीमंत प्रवाशांसाठी नसतातच. त्या वैमानिकांसाठी आणि हवाई सेवकांसाठी विमान कंपन्यांनी घेऊन ठेवलेल्या असतात. वैमानिकाची झोप ही त्याची खासगी बाब मानत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित नियमांनी त्यांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. दमलेल्या माणसाच्या हाती शेकडो जीव देऊ नयेत, हे तत्त्व त्यामागे आहे.

हेच तत्त्व जमिनीवर लावून पाहावे. खेड्यात रात्री मुक्कामी गाडी येते. तिचे चालक आणि वाहक देवळाच्या ओवरीत किंवा गाडीतच पथारी टाकतात. कोणाच्या तरी घरून भाकरी-कालवण येते, आणि पहाटे पाचला तीच गाडी शाळा-कॉलेजची पोरे घेऊन निघते. आम्ही त्याच गाडीने आलो. रात्रभर मालट्रक हाकणाऱ्यांची, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांची गोष्ट काही वेगळी नाही. त्यांच्याही हाती जीव असतातच.

‘अतिथी’ म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, असे संस्कृतच्या तासाला शिकलो. हॉटेलचा पाहुणा याच्या नेमका उलट. त्याची तिथीच नव्हे, तर तास आणि मिनिटेही वहीत नोंदलेली असतात, आणि त्यांचे मोल ठरलेले असते. ज्याच्यापाशी मोल आहे त्याला अंधार, शांतता आणि गरम पाणी मिळते, याबद्दल कोणाचे वाईट वाटण्याचे कारण नाही. मात्र या तीन वस्तूंना चैन म्हणण्याची आपली सवय सोडली पाहिजे. त्या गरजेच्या आहेत. हे एकदा मान्य केले, की गावोगावच्या बसस्थानकांत चालक-वाहकांसाठी एक स्वच्छ खोली, दोन खाटा आणि अंघोळीला कढत पाणी मागताना कोणालाही संकोच वाटणार नाही.