रात्रीवर निखाऱ्यांचा थर

गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा भरते. रात्री होमकुंड पेटतं आणि पहाटेच्या सुमाराला व्रतस्थ धोंड हातात वेताची काठी घेऊन निखाऱ्यांतून जातात. समजा, या जत्रेची माहिती देणारं मोबाइल अ‍ॅप करायचं आहे आणि मजकुरामागे ती रात्र हवी आहे. फोटो लावणं सोपं, पण त्यावरची अक्षरं धड वाचता येत नाहीत आणि फाइलही जड होते. ग्रेडियंट, म्हणजे रंगांची उतरण, मोजक्या ओळींच्या कोडमध्ये बसतो आणि कुठल्याही आकाराच्या स्क्रीनवर फाटत नाही. फक्त तो सध्या पैशांच्या प्रत्येक अ‍ॅपमागे दिसणारा जांभळा-निळा नको. त्याचा मला तरी कंटाळा आला आहे.

नवशिके एकाच ग्रेडियंटमध्ये वर गडद निळा, खाली नारिंगी भरतात. मग मधे शिरगावच्या लोहखनिजाच्या खाणींवरून पावसाळ्यात वाहणाऱ्या पाण्यासारखा गढूळ रंग उतरतो. आकडेच पाहा. लाल, हिरवा, निळा या क्रमाने आभाळ २०, ३०, ८० आणि निखारा २५५, १२०, २० धरला, तर बरोबर मध्यावर १३८, ७५, ५० येतात. तपकिरी! नारिंगीचा अर्धपारदर्शक थर वर ठेवला तरी हिशेब तोच, कारण तो खालचा निळा झाकतो. उजेड झाकत नाही, भर घालतो. म्हणून निखाऱ्यांचा थर वेगळा काढायचा: खालच्या कडेवर केंद्र असलेला वर्तुळाकार ग्रेडियंट, मधे नारिंगी, बाहेर जाताजाता काळा, आणि मिसळण्याची पद्धत ‘स्क्रीन’. या पद्धतीत काळ्याचा परिणाम शून्य. नारिंगीचं तेज निम्म्यावर येतं तिथे निळा ८० वरून ८७ होतो, मरत नाही. रंगाला जांभळट झाक येते.

थरांचा क्रम मात्र जपायला हवा. अ‍ॅप बनवायच्या फ्लटरमध्ये, त्याच्या स्टॅकमध्ये शेवटी लिहिलेला थर सगळ्यात वर दिसतो. वेबपानं सजवणाऱ्या सीएसएसच्या बॅकग्राउंडमध्ये पहिला लिहिलेला. एकीकडचं कोड दुसरीकडे तसंच उतरवलं की निखारे रात्रीखाली गाडले जातात.

तिसरा थर लक्षात येऊ नये असा: पांढऱ्या अक्षरांमागे काळ्याची हलकी उतरण. वेब सुलभतेच्या निकषांनुसार साध्या मजकुरासाठी ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो. तो अक्षरांमागच्या सर्वांत उजळ जागी मोजायचा, सरासरीने नाही.

आणि शेवटी उतरणीत उमटणारे पट्टे. निळा ६० वरून ८० पर्यंत चढवला तर पायऱ्या जेमतेम २०. स्क्रीन २४०० पिक्सेल उंच असेल तर एकेक पायरी १२० पिक्सेलची. गडद रंगात त्या डोळ्यांना खुपतात. उपाय उफराटा आहे: वरून बारीक दाण्यांचा थर, प्रत्येक पिक्सेल एखाद्या आकड्याने वरखाली. पायऱ्यांच्या कडा मोडतात. त्यासाठी २५६ पिक्सेलचा छोटा चौकोन पुरतो, तोच स्क्रीनभर पुन्हापुन्हा लावायचा.